मुलांना देवावर भरवसा ठेवायला आणि त्याचे ऐकायला शिकवताना : पालक व संडेस्कूल शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती घरांतील आईवडील, आजीआजोबा, धर्ममातापिता आणि संडेस्कूलमध्ये शिकवणारे शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तीन-चार वर्षांच्या बालकापासून किशोरवयीन मुलापर्यंत सर्वांचा विचार उत्तरांत केला आहे; जेथे वयामुळे उत्तर बदलते तेथे तसे सांगितले आहे. मंडळी कोणतीही असो, कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट, बहुतेक उत्तरे सारखीच लागू पडतील.

देवावर भरवसा ठेवायला शिकवणे म्हणजे नेमके काय शिकवणे?

देव आहे, तो सर्वशक्तिमान आहे, त्याने जग निर्माण केले, ही माहिती मूल लवकर आत्मसात करते आणि विचारले की बिनचूक सांगते. भरवसा ही त्यापुढची गोष्ट आहे. जो देव आहे तो माझा आहे, तो माझ्याशी खोटे बोलत नाही, माझी चूक झाली तरी तो मला टाकत नाही आणि मला समजत नसलेल्या प्रसंगातही तो माझ्याबरोबर असतो, हे मुलाच्या मनात रुजणे म्हणजे भरवसा. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव" असे म्हटले आहे, आणि हे बापाने मुलाला दिलेल्या उपदेशाच्या ओघात आले आहे. म्हणजे ही शिकवण पहिल्यापासूनच घरातली, एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेली आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढील बहुतेक उत्तरे तिच्यावरच उभी आहेत. ज्या मुलाचे घरात ऐकून घेतले जाते त्याला देव आपले ऐकतो हे पटते, आणि ज्याला खरे सांगितले जाते त्याला देवाचे वचन खरे वाटते. पालकांनी देवाची जागा घ्यावी असा याचा अर्थ नाही. परंतु "बाप" हा शब्द प्रार्थनेत उच्चारताना मुलाजवळ अर्थ लावण्यासाठी घरातील अनुभवच असतो, हे आपण विसरू नये.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल कुशीत असल्यापासून. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा नावानिशी उल्लेख केला आहे आणि तीमथ्याला बालपणापासूनच पवित्र शास्त्र ठाऊक होते असे म्हटले आहे. अर्थ कळण्याआधीच मूल प्रार्थनेचा स्वर, जोडलेले हात आणि गाण्याची चाल ओळखू लागते.

समजुतीची वाढ मात्र टप्प्याटप्प्याने होते. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की साधारण सात ते अकरा वर्षांची मुले डोळ्यांना दिसणाऱ्या, हातांनी धरता येणाऱ्या गोष्टींच्या आधारे विचार करतात आणि अमूर्त कल्पनांचा विचार त्यानंतर जमू लागतो. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला "येशू तुझ्या हृदयात राहतो" असे सांगितले, तर तो आत कसा शिरला आणि डॉक्टरांना तो दिसेल का, असे प्रश्न ते पूर्ण गांभीर्याने विचारते. त्या वयात "येशू तुझ्यावर प्रेम करतो आणि तू कुठेही असलास तरी तो तुझ्याजवळ असतो" एवढे साधे वाक्य पुरते.

देव बोलतो असे आम्ही सांगतो, पण मुलाला आवाज ऐकू येत नाही. त्याला काय समजवावे?

येथे शमुवेलाच्या कथेइतकी मदत करणारी दुसरी कथा नाही, म्हणून ती जरा सावकाश पाहू. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हा मुलगा परमेश्वराच्या मंदिरात निजलेला आहे. हाक येते, तो उठून धावत वृद्ध याजक एलीकडे जातो आणि म्हणतो, तुम्ही मला हाक मारली ना, हा मी आलो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, नीज. असे तीनदा होते. वर्गात ही कथा सांगताना एखादे मूल हमखास विचारते, "सारखं सारखं उठवल्यावर एलीला राग नाही आला?" प्रश्न फार चांगला आहे. एलीची दृष्टी मंद झाली होती, तो म्हातारा होता, झोपमोड झाली होती. तरी त्याने मुलाला झिडकारल्याचे शास्त्रात कोठेही नाही. तिसऱ्या वेळी त्याच्याच लक्षात आले की परमेश्वर या मुलाला हाक मारत आहे, आणि त्यानेच काय उत्तर द्यायचे ते शिकवले : "बोल, तुझा दास ऐकत आहे."

या कथेतील तीन गोष्टी मुलांना सांगाव्यात. पहिली अशी की देवाची वाणी ओळखणे शमुवेलालाही आपोआप आले नाही. त्याला परमेश्वराची ओळख अद्याप झाली नव्हती असे शास्त्र स्पष्ट सांगते. म्हणून "मला काहीच ऐकू येत नाही" असे म्हणणाऱ्या मुलात काही कमी आहे असे नाही. दुसरी गोष्ट, त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते असे त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात लिहिले आहे. तेव्हा कानांनी ऐकू येणारी हाक हा शास्त्रातही रोजचा अनुभव नाही. आणि तिसरी, शमुवेल एकटा शिकला नाही; शेजारी एक मोठा माणूस होता.

मग आज देव कसा बोलतो? मुलांना मी हा क्रम सांगते : सर्वांत आधी पवित्र शास्त्रातून, विशेषतः प्रभू येशूने जे सांगितले आणि केले त्यातून, त्यानंतर मंडळीतील उपासना, गीते आणि विश्वासू माणसांच्या सल्ल्यातून, आणि पवित्र आत्मा आपल्या मनाला जी आठवण करून देतो तिच्यातूनही. मित्राला टाकून बोलल्यावर मनाला लागलेली टोचणी, क्षमा मागावी असे वाटणे, एकट्या बसलेल्या मुलीला खेळात घ्यावे असे सुचणे, या गोष्टी मुलाला ओळखीच्या असतात. त्या देवाकडून असू शकतात, एवढे सांगावे. प्रत्येक विचाराला देवाचा आवाज ठरवू नये.

"देवाने मला सांगितले" असे मूल म्हणाले तर काय करावे?

हसू नये आणि लगेच डोक्यावरही घेऊ नये. आधी शांतपणे पूर्ण ऐकावे : केव्हा वाटले, काय वाटले, त्यानंतर कसे वाटले. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरून ठेवावे असे सांगितले आहे, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करण्याची आज्ञा आहे. ती मोठ्यांसाठी आहे तशी लहानांसाठीही आहे. मुलाबरोबर बसून विचारावे, हे येशूच्या शिकवणीशी जुळते का? यात प्रेम आहे का? यामुळे कोणाला इजा होईल का? "देवाने मला बहिणीला क्षमा करायला सांगितलं" हे जुळते. "देवाने सांगितलं की मला अभ्यास करायची गरज नाही" हे कशाशीच जुळत नाही, आणि ते मुलाच्याही ध्यानात चटकन येते.

मुलाला वारंवार आवाज ऐकू येत असतील, त्यांची भीती वाटत असेल, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा होत असल्याचे ते सांगत असेल, तर प्रार्थनेबरोबरच विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. याला अविश्वास समजू नये.

शास्त्रातील कथा कशा सांगाव्यात?

कथेच्या शेवटी तात्पर्य चिकटवण्याची घाई करू नये. दावीद आणि गल्याथ यांच्या कथेचे तात्पर्य "तूही शूर हो" असे काढले जाते, आणि मग जे मूल शूर नाही त्याला ती कथा आपली वाटत नाही. पण दावीद स्वतः काय म्हणतो? सिंह आणि अस्वल यांच्या पंजातून ज्या परमेश्वराने मला सोडवले तोच मला आताही सोडवील. तो मागची आठवण काढतो आणि त्या आठवणीवर उभा राहतो. हे लहान मूलही करू शकते. म्हणून कथा संपल्यावर "यातून काय शिकलास?" असे न विचारता "या गोष्टीत देव कसा दिसला?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ही थांबण्याची सवय शिक्षकांना लावून घ्यावी लागते. बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात.

योसेफाची कथा तुकड्यांत सांगण्याची पद्धत मला विशेष महत्त्वाची वाटते. त्याला विहिरीत टाकले तेथे एका रविवारी थांबावे. तुरुंगात भेटलेला प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला देणारा सेवक, त्याला विसरला तेथे दुसऱ्या रविवारी थांबावे. उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायाचा शेवट त्या विसरण्यावर होतो आणि पुढचा अध्याय पूर्ण दोन वर्षांनंतर उघडतो. ती दोन वर्षे योसेफाने कशी काढली असतील, यावर मुलांना बोलू द्यावे. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला भरवसा सोपा वाटतो. योसेफाला शेवट ठाऊक नव्हता.

अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवल्याची कथा मात्र अगदी लहान मुलांना सांगू नये. लहान मूल इसहाकाच्या जागी स्वतःला आणि अब्राहामाच्या जागी आपल्या वडिलांना पाहते. मूल मोठे झाले, प्रश्न विचारू लागले, की ती कथा त्याच्याबरोबर वाचावी.

वचने पाठ करून घेण्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि पुष्कळ होतो, कारण संकटात पुस्तक हाताशी नसते. पाठ असलेले असते. तेविसावे स्तोत्र सहा वचनांचे आहे, एकशे सतरावे तर दोनच वचनांचे. लहान मुले ती सहज पाठ करतात. फक्त पाठांतर ही बक्षिसाची शर्यत होऊ देऊ नये, कारण ज्याला पाठ होत नाही ते मूल देवाच्या नजरेत आपण मागे आहोत असे समजू लागते. वचन मुलाच्या दिवसाशी जोडावे. "मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन" हा छप्पन्नाव्या स्तोत्रातील भाव दंतवैद्याकडे जाताना वाटेत म्हटला, तर तो कायमचा लक्षात राहतो.

मूल प्रार्थनेला स्थिर बसत नाही. काय करावे?

थोडा वेळ बसू द्यावे. हालचाल करत, चालत, चित्र काढत केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर कशी बिंबवावीत ते सांगताना घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता आणि उठता असे चार प्रसंग दिले आहेत. त्यांपैकी बसण्याचा एकच आहे.

झोपण्यापूर्वीची एक जुनी रीत येथे सुचवावीशी वाटते. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे देवाच्या सान्निध्यात मागे वळून पाहण्याची प्रार्थना घालून दिली. तिचे अगदी लहान रूप मुलांना जमते. आज कशाबद्दल देवाला धन्यवाद द्यावेसे वाटतात? आज काय चुकले किंवा कशाचे वाईट वाटले? उद्यासाठी काय मागायचे? एखादा दिवस मूल म्हणते, "आज काहीच चांगलं नाही झालं." तेव्हा "असं कसं, बघ देवाने किती दिलंय" असे म्हणून ते वाक्य पुसून टाकू नये. आपण गप्प राहिलो तर थोड्या वेळाने मूलच सांगते की डबा विसरला होता, सगळे जेवत होते आणि मग शेजारच्या बाकावरच्या मुलीने न विचारता स्वतःचा अर्धा डबा पुढे सरकवला. हे सांगताना त्याचे त्यालाच कळते की दिवसात काहीतरी होते. देवाचे ऐकण्याचा सराव तो हाच : जे घडून गेले त्यात त्याची कृपा ओळखणे.

आम्ही सर्वांनी प्रार्थना केली, तरी आजी गेली. मूल विचारते, देवाने का ऐकले नाही?

या पानावरील सर्वांत कठीण प्रश्न हा आहे, आणि घाईघाईने दिलेल्या उत्तराने होणारी हानीही येथेच सर्वांत जास्त असते.

सर्वप्रथम, मृत्यू झाला आहे हे साध्या शब्दांत सांगावे. "आजी झोपली आहे" असे सांगितलेल्या लहान मुलाला स्वतः झोपायची भीती वाटू शकते. योहानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशूने लाजर झोपला आहे असे म्हटले, तेव्हा मोठ्या माणसांनी, त्याच्या शिष्यांनीसुद्धा, ते झोपेबद्दलच घेतले. मग येशूने त्यांना उघडपणे सांगितले की लाजर मेला आहे. "देवाला आजी फार आवडली म्हणून त्याने तिला नेले" हे वाक्यही टाळावे, कारण त्यातून देव आवडती माणसे हिरावून घेतो आणि पुढची पाळी आईची असू शकते, असा अर्थ मूल लावते. लहान वयात मुलांना असेही वाटते की आपण रागावलो होतो, आपण प्रार्थना नीट केली नाही, म्हणून हे घडले. मुलाने विचारले नाही तरी त्याला सांगावे : तुझ्यामुळे आजी गेली नाही, तुझी प्रार्थना कमी पडली नाही.

देव कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो, कधी थांब म्हणतो, असे उत्तर अनेक ठिकाणी शिकवले जाते. ते खोटे नाही. पण रडणाऱ्या मुलासमोर ते फार तयार, फार चटपटीत वाटते, आणि मुलाला त्या क्षणी नियम नको असतो. त्याला हे सांगावे की देवाने ऐकले. आपण मागितले तसे का झाले नाही हे मला माहीत नाही. मलाही वाईट वाटते. "मला माहीत नाही" असे म्हटल्याने पालकांचा विश्वास मुलाच्या नजरेत उणा ठरत नाही. उलट, आई जेव्हा "मला हे माहीत आहे" म्हणते तेव्हा ते खरोखर माहीत असते, हे त्याला कळते.

आणि मग शास्त्र उघडावे. येशू लाजराला उठवणार हे जाणत होता, तरी तो रडला. पौलाने शरीरातील काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या व्यथेसाठी, प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" असे उत्तर मिळाले. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने हा प्याला दूर कर असे मागितले, आणि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असेही म्हटले. ज्याचे मागणे तसेच्या तसे मिळाले नाही तो देवाचा नावडता, असे म्हणायला आता जागा उरत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर दानीएलाचा तिसरा अध्यायही वाचावा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला जळत्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात, तसे झाले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. भरवशाचे हे रूप मोठ्या मुलांना भिडते.

तक्रार करण्याची परवानगीही द्यावी. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्यातील पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. हा प्रश्न देवालाच विचारलेला आहे. देवावर रागावलेले मूल देवाशी बोलत असेल तर संबंध तुटलेला नाही. आशा सांगावी, पुनरुत्थानाची आशा तर नक्कीच सांगावी, कारण आमचा विश्वास तिच्यावरच आहे; मात्र अश्रू थांबवण्याचे साधन म्हणून ती वापरू नये.

मूल फार भित्रे आहे. "विश्वास ठेव म्हणजे भीती जाईल" असे सांगावे का?

नाही. असे सांगितले की भीती तशीच राहते आणि तिच्या जोडीला आपला विश्वास कमी पडतो ही नवी टोचणी लागते. मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळाची कथा वाचताना क्रम पाहावा : शिष्य घाबरून येशूला उठवतात, तो आधी वादळ शांत करतो आणि त्यांना का घाबरला असे नंतर विचारतो. घाबरलेल्या मुलालाही आधी जवळ घ्यावे, शिकवण नंतर द्यावी. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. ती शांत, मंद वाणी त्याला पुढे पर्वतावर ऐकू आली. अन्न, झोप आणि सोबत यांची गरज देवाला कळते.

भीतीमुळे झोप, जेवण किंवा शाळा बंद पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांची मदत घ्यावी.

"देव बघतोय, शिक्षा करील" असे सांगून शिस्त लावावी का?

लावू नये. देव पाहतो हे खरे आहे, परंतु ते मुलाने आधार म्हणून ऐकले पाहिजे. दूध सांडल्याबद्दल, भांडल्याबद्दल, न जेवल्याबद्दल देवाची भीती घातली, की मोठ्यांना हवी ती शांतता त्या दिवशी मिळते आणि मूल मात्र देवापासून लपायला शिकते. घरातले नियम घराचे म्हणून सांगावेत. इफिसकरांस पत्रात मुलांना आज्ञा पाळण्यास सांगितल्यावर लगेच बापांना बजावले आहे की आपल्या मुलांना चिडीस आणू नका. आणि चूक झाल्यावर क्षमा मागणे म्हणजे काय, हे आईवडिलांनी स्वतः मुलाची क्षमा मागितली की त्याला जितके कळते तितके उपदेशाने कळत नाही.

देवाचे ऐकणे आणि मोठ्यांचे ऐकणे, हे एकच आहे का?

एकच नाही, आणि हा फरक मुलाला लहानपणीच, स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. आईवडिलांचा मान राखणे ही देवाची आज्ञा आहे. परंतु कोणी मोठा माणूस, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो, पाळक किंवा धर्मगुरू असो, मुलाला दुखवत असेल, नको तेथे हात लावत असेल, किंवा "हे आपल्या दोघांतच ठेव, देवाला हेच हवे आहे" असे सांगत असेल, तर त्याचे ऐकणे म्हणजे देवाचे ऐकणे नव्हे. देव मुलाला असले गुपित राखायला कधीही सांगत नाही, हे वाक्य प्रत्येक ख्रिस्ती मुलाच्या कानावर घरातच पडले पाहिजे.

येथे शमुवेलाकडे पुन्हा वळावे लागते, कारण त्या कथेचा उरलेला अर्धा भाग आपण मुलांना सहसा सांगत नाही. त्या रात्री देवाने मुलाला सांगितले ते एलीच्या घराण्याविरुद्धचे वचन होते. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक होते. ते यज्ञाचे मांस बळजबरीने घेत आणि तेथे सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत, आणि एलीने त्यांना आवरले नव्हते. देवाच्या घरात मोठी माणसे जे करत होती ते देवाला मान्य नव्हते, आणि ते त्याने एका मुलाला सांगितले. शमुवेल सकाळी ते सांगायला भ्याला. एलीने त्याला बोलावले आणि म्हटले, काय सांगितले ते माझ्यापासून लपवू नकोस. मुलाने सगळे सांगितले. एलीने त्याला मारले नाही, खोटे पाडले नाही; हा परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो, असे म्हणाला.

एलीचे अपयश मोठे होते, पण या एका बाबतीत तो आपणा सर्वांचा गुरू ठरतो. मूल मोठ्या माणसाविरुद्ध काही सांगू लागले, तर ते सांगणे आपल्याच घराला, आपल्याच मंडळीला हादरवणारे असले तरी पूर्ण ऐकावे, विश्वास ठेवावा आणि मुलाच्या संरक्षणासाठी पोलीस व बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत जावे. मंडळीचे नाव राखण्यासाठी मुलाला गप्प बसवणाऱ्याने प्रभूचे लहानांना अडखळवणाऱ्यांविषयीचे शब्द, गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयीचे, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पुन्हा वाचावेत.

संडेस्कूल आहे ना, मग घरी वेगळे शिकवण्याची गरज काय?

संडेस्कूलची चळवळ इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांच्या पुढाकाराने नावारूपाला आली, ती आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. घराची जागा घेणे हा तिचा हेतू नव्हता. त्याच्याही आधी, १५२९ मध्ये, मार्टिन लूथर यांनी लहान प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा तिच्या भागांच्या शीर्षकांतच म्हटले होते की घरधन्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे.

आम्हांला वेळ मिळत नाही. रोज किती वेळ द्यावा?

थोडा, पण ठरलेला. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझॅना वेस्ली यांच्या घरात पुष्कळ मुले होती. त्यांनी आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. जॉन यांच्या वाट्याला गुरुवार होता, आणि मोठेपणी आईला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली. रोजची सामूहिक प्रार्थना दहा मिनिटांची असली तरी चालेल. पण प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा तरी आई किंवा वडील एकटे मिळावेत, फोन बाजूला ठेवून.

मूल किशोरवयात आले आहे आणि म्हणते, "माझा यावर विश्वास नाही." आमचे कोठे चुकले?

बहुतेक वेळा कोठेच नाही. उसना घेतलेला विश्वास तपासून पाहण्याचे हे वय आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता असे लूक लिहितो. येशू पुन्हा उठला ही इतर शिष्यांची साक्ष थोमाने नाकारली; तरी आठ दिवसांनंतर तो त्यांच्याबरोबर त्याच घरात होता. त्यांनी त्याला बाहेर काढले नव्हते, आणि तोही निघून गेला नव्हता. प्रभू आला तो तेथे, सर्वांच्या मध्ये.

म्हणून वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. काय पटत नाही ते विचारावे : देव आहे हेच पटत नाही, की मंडळीतील कोणाचे वागणे पटत नाही, की मनात काही दुःख आहे? तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. विज्ञानाविषयीचे प्रश्न असतील तर जाणकार ख्रिस्ती माणसाशी गाठ घालून द्यावी. उपासनेला येण्याविषयी घराचा नियम काय असावा हे प्रत्येक कुटुंबाने ठरवावे. माझे मत असे की घरच्या प्रार्थनेच्या वेळी मुलाने बसावे एवढी अपेक्षा ठेवावी, पण मोठ्याने प्रार्थना करण्याची किंवा प्रभुभोजन घेण्याची सक्ती कधीही करू नये.

माझाच विश्वास डळमळीत आहे. मी मुलाला काय शिकवणार?

मार्काच्या नवव्या अध्यायातील बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येशूकडे आला होता आणि म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एवढ्या विश्वासावर त्याच्या मुलाला बरे करण्यात आले. हीच प्रार्थना मुलाच्या शेजारी बसून करता येते. आपल्या शंकांचे सगळे ओझे लहान मुलावर टाकू नये, त्यासाठी पाळक किंवा विश्वासू मित्र असावा. पण नसलेली खात्री दाखवूही नये. मुलाबरोबर आपणही ऐकायला बसलो आहोत, असे त्याला दिसू द्यावे.

बोलू न शकणाऱ्या किंवा बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलाला हे कसे शिकवावे?

बालकांना आणले तेव्हा येशूने त्यांना काही समजते का हे विचारले नाही. त्याने त्यांना उचलून घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर मात्र तो रागावला. अशा मुलासाठी रोज तेच गीत, तीच चाल, तोच स्पर्श, त्याच वेळी असावा. चित्रे आणि हाताने धरता येतील अशा वस्तू वापराव्यात. उपासनेत ते आवाज करील म्हणून त्याला आणि त्याच्या आईला मागच्या खोलीत बसवले जात असेल, तर पाळकांशी बोलावे आणि पुढच्या बाकांवर त्यांच्यासाठी जागा मागावी.